आधी खिळा बघा: चीन, जपान, कोरियातली जुनी शमादाने पारखायची, पेटवायची आणि पुसायची कशी

चीन, जपान आणि कोरियातल्या बहुतेक जुन्या शमादानांत मेणबत्ती नळीत उभी राहत नाही, ती वर आलेल्या टोकदार खिळ्यावर बसते. हा खिळा शोभेचा नाही. त्या मुलखातली पारंपरिक मेणबत्ती मधून पोकळ असायची. चीनमध्ये बोरूसारख्या पोकळ काडीभोवती वात गुंडाळून त्यावर चिनी चरबीवृक्षाच्या बियांचे मऊ मेण चढवत आणि वरून कीटकांपासून मिळणाऱ्या कडक मेणाचे आवरण देत. जपानी वारोसोकूची वात कागदाच्या नळीवर गवताचा गाभा गुंडाळून होते आणि मेण हाझे या झाडाच्या फळांचे असते. अशा मेणबत्तीच्या बुडाशी भोक आयतेच असते, त्यामुळे खिळा त्यात अलगद शिरतो.

आज बाजारात मिळणारी पॅराफिनची मेणबत्ती भरीव असते. ती त्याच खिळ्यावर दाबली की एक तर मेणबत्ती उभी चिरते, नाही तर सगळा जोर शमादानाच्या सांध्यांवर येतो. जुन्या वस्तूंची घरात होणारी बरीचशी मोडतोड इथून सुरू होते. म्हणून वस्तू घेतानाही आणि पेटवतानाही पहिली नजर खिळ्यावर हवी.

काय काय समोर येते

सगळ्यात जास्त दिसते ते चिनी वेदीवरचे शमादान: रुंद बैठक, तिच्यावर खालची मोठी ताटली, मग दांडा, वर लहान ताटली आणि तिच्यातून आलेला खिळा. हे मूळचे पाच वस्तूंच्या संचातले. मध्ये धूपपात्र, त्याच्या दोन बाजूंना दोन शमादाने आणि कडेला दोन फुलदाण्या. बीजिंगच्या उत्तरेला मिंग सम्राटांच्या समाध्यांसमोर हाच संच दगडात घडवलेला आहे. म्हणजे शमादान मुळात जोडीनेच असते. एकटे मिळाले तर त्याचा जोडीदार हरवला आहे असे समजून भाव करा.

जपानी शमादानाला शोकुदाई म्हणतात. बौद्ध घरांत तीन वस्तूंचा लहान संच असतो: एक शमादान, एक धूपपात्र, एक फुलदाणी. त्यात सहज ओळखू येणारा प्रकार म्हणजे कासवाच्या पाठीवर उभा असलेला करकोचा. त्याच्या चोचीत कमळाचा देठ असतो आणि मेणबत्ती त्या कमळावर बसते. जोदो शिन्शू पंथाच्या ओतानी शाखेत हा वापरतात. तो ‘चिनी’ म्हणून विकला जाताना अनेकदा दिसतो. याशिवाय काळ्या लोखंडाची साधी, उंच शोकुदाई असते आणि हातात धरून नेण्याची लांब मुठीची तेशोकूही असते.

कोरियन शमादान, म्हणजे चोत्दे, बहुधा पितळेचे किंवा लोखंडाचे असते. लोखंडावर चांदीच्या तारेचे जडावकाम असेल तर ती वेगळ्याच दर्जाची वस्तू. पितळी प्रकारात ज्योतीमागे फुलपाखराच्या आकाराचा पत्रा दिसतो. तो वाऱ्याला अडवतो आणि उजेड पुढे फेकतो. हा पत्रा हरवलेला असेल तर तो बसवण्याची खाच किंवा नळी दांड्यावर दिसते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी राजवटीने कोरियातल्या घराघरांतून पितळी भांडी जमा करून नेली. युद्धापूर्वीचे कोरियन पितळ कमी सापडण्याचे हे एक मोठे कारण आहे.

दोन गोष्टींची गल्लत टाळा. बाजूला बारीक नळी असलेले चिनीमातीचे सिंह मेणबत्तीचे नाहीत. ती नळी ३ ते ६ मिलिमीटरची असते आणि तिच्यात उदबत्ती बसते. दुसरे, हातात दिवा धरून बसलेल्या दासीची सोनेरी ब्राँझ मूर्ती. तिचे मूळ १९६८ मध्ये हबेई प्रांतातल्या मानचंग इथल्या हान काळच्या थडग्यात सापडले आणि तो दिवा आहे. दुकानांत दिसतात त्या त्याच्या प्रतिकृती. शोभेला छान आहेत, पण त्यांना जुने म्हणून पैसे मोजू नका.

घेण्यापूर्वीची तपासणी

सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग, छोटे चुंबक, मोजपट्टी आणि बॅटरी असू द्या. वस्तू उलटी करून बघणे सगळ्यात महत्त्वाचे, कारण घडवणाऱ्याने आणि नकली जुनेपणा आणणाऱ्याने, दोघांनीही वरच्या बाजूवर जास्त मेहनत घेतलेली असते.

खिळा मूळचा आहे का ते आधी पाहा. वरची ताटली आणि खिळा यांच्या सांध्यावर बॅटरीचा उजेड तिरका टाका. चकचकीत राखाडी डाक (सांधा जोडायला वितळवून लावलेला धातू), वेगळ्या रंगाचे पितळ किंवा कानशीचे ताजे ओरखडे दिसले तर तिथे नंतर काम झाले आहे. पुष्कळ शमादाने पाश्चात्त्य घरांत गेल्यावर त्यांचे खिळे कापून तिथे नळ्या बसवल्या गेल्या. काहींचा तर विजेचा टेबललॅम्प झाला. त्याची खूण म्हणजे बैठकीच्या कडेला वायरसाठी पाडलेले गोल भोक आणि दांड्यातून आरपार गेलेली नळी. असे भोक भरता येते, पण लपत नाही. फक्त शोभेसाठी हवे असेल तर ही वस्तू बरीच स्वस्त मिळायला हवी.

मग सांधे. बहुतेक शमादाने तीन ते पाच भागांची असतात. ते भाग एकमेकांत खोचलेले, डाक दिलेले किंवा आट्यांनी जोडलेले असतात. एका हाताने बैठक धरून दुसऱ्या हाताने दांडा अगदी हलके फिरवून पाहा. थोडी हालचाल चालते. करकर आवाज आला तर डाक सुटली आहे. आटे असतील तर भिंगातून बघा. हाताने पाडलेले आटे थोडे असमान असतात आणि प्रत्येक भाग आपल्याच जागी नीट बसतो. तंतोतंत एकसारखे, धारदार आटे आणि आत कारखान्यातला नट दिसला तर वस्तू विसाव्या शतकातली किंवा त्यानंतर दुरुस्त केलेली समजा. करकोचाच्या शमादानात पाय आणि मान या नाजूक जागा. पाय कासवाच्या पाठीतल्या भोकांत बसतात. तिथे शिशाचा किंवा इपॉक्सीचा गोळा दिसला तर पाय तुटून गेला आहे.

चुंबक पितळ, ब्राँझ, प्यूटर (कथिलाचा मिश्रधातू) आणि पाकतोंग यांना चिकटत नाही. पाकतोंग म्हणजे तांबे, निकेल आणि जस्ताचा चांदीसारखा दिसणारा चिनी मिश्रधातू. ब्राँझ म्हणून सांगितलेल्या वस्तूला चुंबक चिकटले तर आत लोखंड आहे, वर मुलामा आहे. चुंबक न चिकटणे हा मात्र जुनेपणाचा पुरावा नाही. राळेत धातूची भुकटी मिसळून ओतलेल्या नकलांनाही ते चिकटत नाही. त्या हाताच्या पाठीला लावून पाहा. खरा धातू गार लागतो, राळ कोमट वाटते. बोटाने टिचकी मारल्यावर राळेचा आवाज बद्द येतो.

जुनेपणा कुठे झिजला आहे ते वाचता आले पाहिजे. हात लागतो तिथे, म्हणजे दांड्याचा मधला भाग आणि ताटलीची कड, नक्षी गुळगुळीत होते. बैठकीच्या खालच्या कडेवर बारीक ओरखडे वेगवेगळ्या दिशांनी गेलेले असतात. सगळे एकाच दिशेने असतील तर ते सँडपेपरचे. खाचांत जुने मेण आणि काजळी घट्ट बसलेली असते. हिरवा थर नक्षीच्या उंच भागावरही सारखाच पसरलेला असेल तर तो आम्लाने आणलेला किंवा रंगवलेला असण्याची शक्यता मोठी. विकणाऱ्याची परवानगी असेल तर खालच्या बाजूला एका जागी अॅसिटोनने भिजवलेला कापूस फिरवा. कापसावर रंग उतरला तर उत्तर मिळाले. रोगण किंवा मीना असलेल्या वस्तूवर हे करू नका.

क्लॉयझने, म्हणजे तांब्यावर तारांचे कप्पे करून त्यांत मीना भरलेले काम, भिंगातून तपासा. तार कप्प्याची भिंत असते, ती मीन्याच्या पातळीला टेकलेली दिसते. सोनेरी रेघ मीन्याच्या वर रंगवलेली वाटली तर ते क्लॉयझने नव्हे. मीन्यात बारीक छिद्रे असणे जुन्या कामात नेहमीचे आहे, त्याला दोष मानू नका. गळालेला मीना रंगीत मेणाने किंवा राळेने भरलेला असतो ते मात्र बघा. अतिनील टॉर्चखाली असा भराव आजूबाजूपेक्षा वेगळा चमकतो. चिनीमातीच्या शमादानावरची दुरुस्तीही त्याच टॉर्चने सापडते.

जोडी घेताना दोन्ही शेजारी ठेवून मोजा. हातकामात उंचीत २ ते ४ मिलिमीटरचा फरक असतोच. फरक सेंटिमीटरात गेला किंवा नक्षीची खोली वेगळी वाटली तर दोन वेगळ्या जोड्यांतले एकेक आणून जमवले आहे. प्राण्यांच्या जोडीत आकृत्या आरशातल्यासारख्या उलट असतात. सिंहांत नराच्या पंजाखाली चेंडू आणि मादीच्या पंजाखाली पिल्लू. दोन्हीकडे चेंडू असेल तर ती जोडी नव्हे.

शिक्क्यांवर किती विसंबायचे

फार नाही. चिनी ब्राँझवर सगळ्यात जास्त दिसणारा सहा अक्षरांचा शिक्का मिंग घराण्याच्या श्वानदे कारकिर्दीचा, १४२६ ते १४३५ चा. तो पुढची अनेक शतके आदराने, आणि विक्रीसाठीही, मारला गेला. त्याच्या आधारे वस्तू पंधराव्या शतकातली ठरत नाही.

निर्यातीचे शिक्के जास्त कामाचे. अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यामुळे १८९१ पासून तिथे येणाऱ्या मालावर देशाचे नाव इंग्रजीत लिहिणे सक्तीचे झाले. त्यामुळे नुसते ‘चायना’ असेल तर वस्तू साधारण १८९१ नंतरची. जपानी मालावर ‘निप्पॉन’ १९२१ पर्यंत चालले, पुढे ‘जपान’ आले. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ हा शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या ताब्याच्या काळातला. शिक्का नसणे मात्र काहीच सिद्ध करत नाही, कारण कागदी लेबल गळून पडते आणि बाकी देशांत पाठवलेल्या मालाला हा नियम नव्हता.

काही चिनी वस्तूंच्या बुडाशी लाल लाखेचा छोटा ठिपका असतो. ती सरकारी तपासणीनंतर निर्यातीला परवानगी मिळाल्याची मोहोर आहे. ती घाण समजून खरवडू नका. चीनने २००७ मध्ये नियम कडक करून १९११ पूर्वीच्या वस्तू देशाबाहेर नेण्याला बंदी घातली. त्यामुळे वस्तू आधीच बाहेर होती हे दाखवणारी जुनी पावती किंवा ही मोहोर, दोन्हींना किंमत आहे.

भरीव मेणबत्ती खिळ्यावर बसवणे

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पोकळ वातीची जपानी मेणबत्तीच आणणे. ती धूर कमी करते, फारशी ओघळत नाही आणि तिची ज्योत उंच, हलती असते. वात मात्र जळत राहते तशी काजळून लांबते. चिमट्याने किंवा वातीच्या कात्रीने ती मधूनमधून कापावी लागते, नाही तर ज्योत बेफाम वाढते.

पॅराफिनची किंवा मधमाशीच्या मेणाची मेणबत्ती वापरायची असेल तर असे करा:

१. खिळ्याची लांबी आणि बुडाची जाडी मोजा. मेणबत्तीची जाडी खिळ्याच्या बुडाच्या किमान चौपट हवी आणि ताटलीची कड मेणबत्तीच्या बाहेर सगळीकडून निदान १ सेंटिमीटर यायला हवी. जेवणाच्या टेबलावरची २२ मिलिमीटरची सडपातळ मेणबत्ती जाड खिळ्यावर चिरतेच. तिच्यासाठी खिळ्यावर टोपीसारखी बसणारी पितळी नळी मिळते, ती वापरा.

२. वजन बघा. ७ सेंटिमीटर जाड आणि १५ सेंटिमीटर उंच मेणबत्ती अर्ध्या किलोच्या आसपास भरते. शमादान हलके किंवा अरुंद बैठकीचे असेल तर ते डोक्याकडे जड होते. मेणबत्तीची उंची शमादानाच्या निम्म्याहून जास्त ठेवू नका.

३. मेणबत्तीच्या बुडाशी वातीला धरून ठेवणारी धातूची चकती असेल तर ती पकडीने काढा. नाही तर खिळा तिच्यावर अडतो आणि तुम्ही जोर लावत राहता.

४. बरोबर मध्यभागी हाताने फिरवून भोक पाडा. आधी २ मिलिमीटरचे पाते, मग जाड. शेवटचे भोक खिळ्याच्या मधल्या जाडीपेक्षा अर्धा मिलिमीटर लहान आणि खिळ्याच्या लांबीपेक्षा ३ मिलिमीटर खोल ठेवा. विजेचे ड्रिल जोरात फिरते, मेण वितळून पात्याला चिकटते आणि भोक वाकडे जाते.

५. मेणबत्तीचा बुडाकडचा भाग ४० ते ४५ अंश सेल्सियसच्या पाण्यात दोनेक मिनिटे धरा आणि पुसून घ्या. लायटरने खिळा तापवण्याची पद्धत सोडून द्या. त्याने काजळी धरते आणि खिळ्याच्या बुडाची डाक मऊ होते.

६. एका हाताने वरची ताटली खालून धरा आणि दुसऱ्या हाताने मेणबत्ती सावकाश फिरवत खाली उतरवा. बैठक धरून वरून दाबले तर सगळा भार दांड्याच्या सांध्यांतून जातो. शेवटी दोन बाजूंनी डोळ्याच्या पातळीवर पाहून मेणबत्ती उभी सरळ आहे याची खात्री करा.

ज्योत खिळ्याच्या टोकापासून २ सेंटिमीटरवर आली की विझवा. खिळा धातूचा असल्यामुळे तो आधी तापतो, त्याच्याभोवतीचे मेण आतून सुटते आणि मेणबत्ती पेटती असतानाच कलते. बाहेरून ती भक्कम दिसत असते, म्हणून अंदाज चुकतो. मेणबत्ती बसवतानाच बाहेरून नखाने एक बारीक खूण करून ठेवली तर विसरायला होत नाही.

वात प्रत्येक वेळी साधारण ६ मिलिमीटरवर कापा. दोन ज्योतींत किमान ८ सेंटिमीटर, आणि पडदा, कागद, कपाटाची वरची फळी यांच्यापासून ३० सेंटिमीटर अंतर हवे. वारा एका बाजूने येत असेल तर मेण एकाच बाजूला ओघळते. तेव्हा जागा बदला, मेणबत्ती फिरवत बसू नका.

कशावर ज्योत चालते, कशावर नाही

ब्राँझ, पितळ आणि लोखंड निर्धास्त वापरता येतात. प्यूटरबाबत सावध राहा. शुद्ध कथील २३२ अंशांना वितळते आणि कथील-शिशाची डाक १८३ अंशांपासून मऊ होते. ज्योत त्याच्या कितीतरी पट तापलेली असते. प्यूटरच्या ताटलीत मेणबत्ती तळापर्यंत जळू दिली तर ताटली खाली लोंबते किंवा खिळाच सुटून येतो. ताटलीत टी-लाइट ठेवणेही टाळा, त्याचा पातळ अॅल्युमिनियमचा पेला थेट उष्णता खाली देतो. स्वातौ, म्हणजे आजचे शानतौ, इथल्या प्यूटरच्या वस्तू फार देखण्या असतात. जुन्या प्यूटरमध्ये शिसे असू शकते, म्हणून हाताळल्यावर हात धुवा.

क्लॉयझने आणि दुरुस्त केलेली चिनीमाती यांच्यावर ज्योत नकोच. मीना आणि तांबे वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे ताटलीजवळ केसासारख्या चिरा पडतात. लाकडावर रोगण आणि सोनेरी वर्ख असलेल्या जपानी शमादानाची धातूची ताटली हरवली असेल तर तेही पेटवू नका. अशांसाठी बुडाशी पोकळ असलेली बॅटरीची मेणबत्ती खिळ्यावर नीट बसते आणि दिसायलाही वाईट नाही.

मेण काढणे

सुरी, पिन, स्क्रूड्रायव्हर ही हत्यारे लांब ठेवा. बांबूची चपटी काडी किंवा जुने प्लास्टिकचे कार्ड पुरते.

ब्राँझ, पितळ आणि प्यूटरसाठी हेअर ड्रायर मंद ठेवून २० सेंटिमीटरवरून फिरवा. मेण मऊ पडले, वितळले नाही, अशा वेळी काडीने उचला. पूर्ण वितळू दिले तर ते नक्षीत आणि सांध्यांत झिरपते. उरलेला पातळ थर कापसाच्या बोळ्यावर थोडे मिनरल टर्पेंटाइन घेऊन पुसा. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास ज्योत नको. जपानी ब्राँझवर मात्र आधी बैठकीच्या आत एका जागी करून पाहा. त्याचा गडद रंग कधी कधी मेणाच्या किंवा रोगणाच्या पातळ लेपाने पक्का केलेला असतो आणि द्रावकाने तो लेपच निघून येतो.

वस्तू फ्रीजरमध्ये ठेवून मेण उडवण्याची युक्ती अखंड, साध्या पितळेपुरतीच ठीक. मीना, रोगण, चिनीमाती किंवा डाक दिलेले सांधे असतील तर अचानक गारवा तडे पाडतो. मीन्यावरचे मेण खोलीच्या तापमानालाच, काडीने, थोडे थोडे काढावे. वेळ लागतो, पण दुसरा सुरक्षित मार्ग नाही. रोगणावर फक्त मऊ कोरडे कापड, द्रावक अजिबात नाही. वितळलेले मेण मोरीत ओतू नका, ते नळात थिजते.

चकाकी आणि हिरवा डाग

चिनी आणि जपानी ब्राँझचा तपकिरी-काळा रंग बहुतेक वेळा कारागिराने मुद्दाम आणलेला असतो. ताकाओका हे जपानमधले मोठे ओतकामाचे गाव. तिथे १६११ मध्ये माएदा तोशिनागा या सरदाराने सात ओतारी आणून वसवले आणि धातूला रंग चढवणे ही तिथे स्वतंत्र कला झाली. पितळ चमकवायच्या क्रीमने तो रंग एका दुपारीत जातो आणि परत येत नाही. कोरियन पितळेचे उलट आहे. तिथे घरोघरी कौलांची बारीक पूड गवताच्या बोळ्यावर घेऊन भांडी घासत, चमक हाच त्यांच्या मूळ रूपाचा भाग होता. त्यामुळे साध्या कोरियन पितळी शमादानाला वर्षातून एखाद्या वेळी सौम्य पॉलिश करायला हरकत नाही. चांदीचे जडावकाम असलेल्या लोखंडाला मात्र कुठलेही पॉलिश नको.

घट्ट, गुळगुळीत हिरवा थर निरुपद्रवी असतो. फिकट हिरवी, पिठासारखी पूड नखाने निघत असेल आणि तिच्याखाली खड्डा दिसत असेल तर तो ब्राँझचा रोग आहे. क्लोराइड क्षार आणि ओलावा मिळून धातू आतून खातात. वस्तू झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली आणा आणि धातूच्या संवर्धनतज्ज्ञाला दाखवा. लिंबू, व्हिनेगर, मीठ यांनी घासले तर दुखण्यात भर पडते, मीठ तर क्लोराइडच आहे.

लोखंडी शोकुदाईवरचा सुटा लाल गंज कोरड्या मऊ ब्रशने झाडा आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात देऊन कापडाने पुसून घ्या. काळा, घट्ट थर तसाच राहू द्या.

उचलताना आणि ठेवताना

शमादान वरच्या ताटलीला धरून कधीच उचलू नका. एक हात दांड्यावर, दुसरा बैठकीखाली. बैठकीला पातळ नमदा लावायचा असेल तर तो बैठकीवर चिकटवू नका, वेगळा कापून खाली पसरा. डिंकाखाली ओल धरते आणि शिक्का असेल तर झाकला जातो.

ठेवून देताना जे भाग सहज सुटतात तेवढेच सोडवा आणि प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधा, कारण जोडीतले भाग अदलाबदल झाले की नीट बसत नाहीत. आम्लरहित पातळ कागदात गुंडाळा. वर्तमानपत्राची शाई आणि आम्ल धातूवर उतरते, आणि रबरबँडमधल्या गंधकाने पितळ व चांदी काळी पडतात. खिळ्यावर बुचाचा तुकडा खोचून ठेवा. टोक शाबूत राहते आणि खोक्यात हात घालणाऱ्यालाही लागत नाही.